सहाच्या पाढ्याची टोपी

सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी अशी दहा हत्यारे असतात. विणकराचा माग तर अर्धी खोली व्यापून बसतो. क्रोशाचे काम करणाऱ्या माणसाचे सारे भांडवल मात्र वीतभर लांबीच्या एका सुईत सामावलेले असते. ही सुई शिवणाच्या सुईसारखी नाही. तिला नेढे नसते, टोचणारे अणकुचीदार टोकही नसते; टोकाशी एक लहानसा आकडा तेवढा असतो. फ्रेंच भाषेत लहान आकड्याला ‘क्रोशे’ म्हणतात. त्यावरूनच या कामाला नाव मिळाले, आणि आपल्या घरांत ते ‘क्रोशा’ या रूपाने रुळले. दारावरचे तोरण, ताटावर झाकायचा रुमाल, बाळाचे टोपडे अशा रूपांनी तुम्ही हे काम पाहिलेच असेल.

या सुईने लोकरीची एक साधी, डोक्याला घट्ट बसणारी टोपी कशी करतात ते आता पाहू. टोपी हीच वस्तू निवडण्याला कारण आहे. दोऱ्याला लांबी असते. रुंदी जवळजवळ नसतेच. टोपी मात्र वाटीसारखी खोलगट हवी. शिंप्याला असा आकार करायचा झाला, तर तो कापडाच्या पाकळ्या कापून एकमेकींना शिवतो. क्रोशाच्या टोपीत कापणे नाही आणि जोडणेही नाही. एकच दोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जातो. मग त्यातून ही वाटी निर्माण होते कशी? केवळ मोजण्याने. ज्याला सहाचा पाढा येतो आणि जो टाके मोजायला कंटाळत नाही, त्याला ही टोपी येते.

प्रथम साहित्याविषयी थोडेसे. मध्यम जाडीची सुमारे १०० ग्रॅम लोकर, ५ मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची एक बोथट सुई, कात्री आणि मोजपट्टी एवढे पुरे. लोकर फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि नवशिक्याचा अर्धा वेळ ते शोधण्यातच जातो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिचे घोंगडे उत्तम होते, पावसापाण्यात टिकते, पण कपाळाला ती टोचते. टोपीसाठी मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर चांगली. ती महाग वाटल्यास बाजारात कृत्रिम धाग्याची स्वस्त लोकर मिळते, आणि शिकण्यासाठी तीच बरी. लोकर ऊब देते ती तरी कशी? लोकरीचे तंतू सरळ नसतात, कुरळे असतात. त्यांच्या वळणांत हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे टोपी आपल्याला ऊब देत नाही. आपलीच ऊब आपल्यापाशी राखून ठेवते.

आता हाताकडे वळू. सुई उजव्या हातात लेखणीसारखी धरावी. लोकर डाव्या हाताच्या तर्जनीवरून येऊ द्यावी; ती ताठ नसावी, लोंबकळतही नसावी. दोऱ्याला एक सरकगाठ मारून तिचा फास सुईवर चढवावा. मग लोकरीचा एक वेढा सुईच्या आकड्याभोवती घ्यावा आणि तो सुईवरच्या फासातून ओढून बाहेर काढावा. जुना फास खाली गेला, नवा सुईवर आला. ही झाली एक साखळी. असेच करीत गेल्यास वेणीसारखी एक दोरी तयार होते. पहिल्या दिवशी हात एवढेच शिकला तरी चालेल. हातभर साखळी विणावी, उसवावी, पुन्हा विणावी. सगळ्या कड्या सारख्या दिसू लागल्या की पुढे जावे.

दुसरा टाका असा. तयार टाक्याच्या माथ्यावर वेणीच्या पेडांसारखे दोन धागे दिसतात. सुई त्या दोन्ही धाग्यांखालून घालावी. लोकरीचा वेढा घेऊन तो टाक्यातून अलीकडे ओढावा. आता सुईवर दोन फास आहेत. पुन्हा वेढा घ्यावा आणि तो दोन्ही फासांतून एकदमच काढावा. सुईवर एक फास उरला. टाका पूर्ण झाला. याला ‘मुका खांब’ म्हणतात. घरोघरी नावे थोडी वेगळी असतील, पण हाताची कृती हीच. याहून उंच टाक्याला नुसतेच ‘खांब’ म्हणतात. आपल्या टोपीला मुका खांब पुरेसा आहे. या टाक्याचा एक गुण असा की, त्याची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच असते. पाटीवरच्या चौकटीतील एक घर जसे असते, तसा तो असतो. हा गुण ध्यानात ठेवा; पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे.

टोपीचा आरंभ माथ्यापासून होतो. दोन साखळ्या विणाव्यात आणि त्यांपैकी पहिल्या साखळीच्या घरात सहा मुके खांब घालावेत. बोटाच्या पेराएवढे एक लहान फूल तयार होईल. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन टाके घालावेत. सहाचे बारा होतील. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक आणि पुढच्या टाक्यात दोन, असे आळीपाळीने करावे. अठरा टाके होतील. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एक एक व तिसऱ्यात दोन, चोवीस. पाचव्या फेरीत तीन टाके साधे व चौथ्यात दोन, तीस. पाहा, सहाचा पाढाच आपण विणीत आहोत. दर फेरीला सहा टाके वाढतात, आणि दोन वाढींच्या मधले साधे टाके दर फेरीला एकेकाने अधिक होतात. फेरी कोठे सुरू झाली हे कळावे म्हणून तिच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा आणि नव्या फेरीबरोबर तो वर सरकवावा. हा दोरा लावायचा कंटाळा केला, तर दहा मिनिटांतच आपण कोणत्या फेरीत आहोत हे कळेनासे होते.

पण दर फेरीला सहाच टाके का वाढवायचे? पाच का नाहीत, किंवा आठ का नाहीत?

वर्तुळाचा परीघ कसा काढतात हे तुम्ही गणितात शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. त्रिज्येची दुप्पट करून तिला ३.१४ ने गुणले की परीघ मिळतो. आपली प्रत्येक फेरी त्रिज्येत एका टाक्याच्या उंचीची भर घालते. म्हणजे परिघात २ × ३.१४, अर्थात ६.२८ टाक्यांची भर पडली पाहिजे. टाक्याची उंची व रुंदी सारखीच, म्हणून हा हिशेब सरळ टाक्यांत करता येतो. एका टाक्याचा चतुर्थांश काही कोणाला विणता येत नाही. तेव्हा सहा घ्यायचे, आणि उरलेली उणीव लोकर आपल्या ताणाने भरून काढते. यातील गंमत अशी की, वर्तुळ रुपयाएवढे असो की ताटाएवढे, वाढ सहाचीच राहते. पुष्कळांना वाटते, वर्तुळ मोठे झाले म्हणजे टाकेही अधिकाधिक वाढवावे लागतील. तसे होत नाही. उंच खांबाने विणले तर त्याची उंची रुंदीच्या सुमारे दुप्पट असते, म्हणून तेथे दर फेरीला बारा टाके वाढवतात. कारण एकच, आकडा तेवढा निराळा.

ज्या आजीने आयुष्यभर ताटावरचे रुमाल विणले तिने कदाचित हे सूत्र कधी ऐकले नसेल. परंतु तिच्या बोटांना ते ठाऊक होते. कडा वर उचलली जाऊ लागली की ती म्हणे, “टाके कमी पडले.” कडेला चुण्या पडू लागल्या की म्हणे, “जास्त झाले.” माझ्या मते हेही गणितच आहे, ते फळ्यावर लिहिले नाही एवढेच.

आता मुख्य प्रश्न. वर्तुळ किती मोठे करायचे आणि कोठे थांबायचे? यासाठी डोके मोजावे लागते. मोजपट्टी कपाळावरून, कानांच्या किंचित वरून मागे न्यावी. समजा, घेर ५४ सेंटिमीटर भरला. लोकरीचे विणकाम ताणते. म्हणून टोपी डोक्याहून थोडी लहानच हवी, नाहीतर ती डोळ्यांवर येते. चार सेंटिमीटर वजा करू, राहिले ५०. आता वर सांगितलेल्या लोकरीने व सुईने तळहाताएवढा एक चौकोन विणून पाहावा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजावे. बहुधा १४ येतील. मग ५० सेंटिमीटरला ७० टाके हवेत. सहाच्या पाढ्यात ७० नाही. जवळचा आकडा ७२. बारा सक बहात्तर. म्हणजे बारा फेऱ्यांपर्यंत वाढवीत जायचे आणि तेथे थांबायचे. त्या वेळी विणलेली चकती सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असेल. १६ ला ३.१४ ने गुणून पाहा. ५० च्या आसपास उत्तर येते. हिशेब जुळला.

तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसत असतील, तर ५० सेंटिमीटरला ८० टाके लागतील. तेव्हा ७८ वर थांबावे. शेजारणीच्या वहीतील आकडे जसेच्या तसे उतरवून घेणारी टोपी सैल किंवा घट्ट होते ती याचमुळे. आकडा तिच्या हाताचा होता, आपल्या हाताचा नव्हता.

बारावी फेरी संपली. तेराव्या फेरीपासून वाढ बंद. प्रत्येक टाक्यात एकच टाका घालायचा. ७२ चे ७२. पहिल्या फेरीत काहीच घडल्यासारखे दिसत नाही. दुसरीतही चकती सपाटच राहते, आणि आपले काही चुकले की काय अशी शंका येते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मात्र कडा वळू लागते. त्रिज्या वाढू पाहते आहे पण परीघ वाढत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या टाक्यांना बाजूला पसरायला जागा उरत नाही. म्हणून ते उभे राहतात. चकतीची भिंत होते. टोपीची सगळी जादू, तिला जादू म्हणायचे असेल तर, या एका ठिकाणी आहे. माथ्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सुमारे २० सेंटिमीटर लांबी होईस्तोवर असेच विणीत जावे. साधारण अठरा-एकोणीस फेऱ्या होतात. कड दुमडायची असल्यास आणखी ५ सेंटिमीटर विणावे.

एक लहानसा दोष सांगून ठेवतो. दर फेरीची वाढ मागच्या फेरीच्या वाढीवरच येत गेली, तर माथ्यावर सहा कोपरे दिसू लागतात आणि चकती वर्तुळाऐवजी षट्कोनासारखी होते. टोपी बिघडत नाही, पण ज्याला नीटस गोल हवा असेल त्याने एका फेरीआड वाढीची जागा थोडी पुढे सरकवावी.

कोणी विचारील, वाढ थांबवली तर वाटी होते. मग ती सहाहून फार अधिक केली तर? हा प्रश्न एका गणितज्ञ बाईने फार गंभीरपणे घेतला. दाइना ताइमिना हे त्यांचे नाव. त्या मूळच्या लॅटव्हिया देशाच्या. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत होत्या. भूमितीत एक पृष्ठ असे आहे की, ते प्रत्येक ठिकाणी घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते, आणि त्यावर युक्लिडचा समांतर रेषांविषयीचा नियम चालत नाही. ते हाती धरता यावे म्हणून पूर्वी कागदाचे तुकडे चिकटवून नमुने करीत. ते थोड्याच दिवसांत फाटत. ताइमिनाबाईंनी १९९७ साली क्रोशाची सुई घेतली, ठराविक प्रमाणात टाके वाढवीत नेले, आणि ते पृष्ठ लोकरीत विणून दाखविले. विद्यार्थी ते हातात घेऊ लागले, दुमडू लागले, त्यावर दोऱ्याने रेषा काढू लागले. दिसायला ते फ्रॉकच्या झालरीसारखे, किंवा समुद्रातील पोवळ्यासारखे. आपली टोपी आणि ते पृष्ठ यांत फरक केवळ एका आकड्याचा आहे.

नवशिक्याच्या टोपीत बहुतेक दोष मोजण्याचेच असतात. फेरीचा शेवटचा टाका राहून जातो, किंवा एकाच टाक्यात नकळत दोनदा सुई जाते. म्हणून वाढीच्या प्रत्येक फेरीनंतर टाके मोजावेत. चूक सापडली तर तेथवर उसवावे. वाईट वाटून घेऊ नये. दोन सुयांच्या विणकामात सुईवर पन्नास-साठ टाके एकदम जिवंत असतात. सुई निसटली तर ते सगळेच सुटू लागतात. क्रोशात जिवंत फास एकच असतो. दोरा ओढला की टाके आले त्याच क्रमाने उलटे सुटत जातात, आणि जेथे हवे तेथे थांबता येते. इतके समजूतदार काम दुसरे थोडेच असेल.

शेवटची फेरी झाली की पुढच्या टाक्यात सुई घालून वेढा दोन्हींतून ओढून घ्यावा, म्हणजे कडेला पायरी दिसत नाही. मग वीतभर दोरा ठेवून तोडावा, तो फासातून ओढून घट्ट करावा, आणि उरलेले टोक बोथट सुईने आतल्या टाक्यांत एकदा इकडून व एकदा तिकडून लपवावे. घाईने हे टोक आखूड तोडणारे पुष्कळ असतात. पहिल्याच धुण्यात त्यांची टोपी सुटू लागते.

कापड विणायला माग आले, मोजे विणायला यंत्रे आली. दोन सुयांसारखे विणकामही यंत्रे झपाट्याने करतात. क्रोशाचे काम मात्र कारखान्यातील यंत्रांना अजून हातासारखे साधलेले नाही. म्हणून दुकानात क्रोशाची टोपी किंवा पिशवी दिसली, तर तिचा प्रत्येक टाका कोणातरी माणसाच्या हाताखालून गेला असला पाहिजे असे खुशाल समजावे. ती अगदी स्वस्त असेल, तर त्या हाताला काय मिळाले असेल, असा प्रश्न मनात यावयास हवा.

या हातांनी कधी घरे जगवली आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्न म्हणजे बटाटा. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथील मठातील जोगिणींनी मुलींना व बायकांना क्रोशाची जाळी विणायला शिकविले. व्हेनिस शहराची प्रसिद्ध जाळी सुईदोऱ्याने करतात. तिला फार वेळ लागतो. तशीच दिसणारी जाळी क्रोशाने कितीतरी लवकर होई. कोणी फक्त गुलाब विणी, कोणी फक्त पाने. मग ती फुलेपाने एकत्र जोडून गळपट्टे व झगे तयार होत आणि दूरच्या शहरांत विकले जात. शेताने पाठ फिरवली तेव्हा पुष्कळ घरांत याच पैशाने चूल पेटली.

आपल्या देशातही असे एक ठिकाण आहे. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या काठच्या नरसापूर गावी व आसपासच्या खेड्यांत हे काम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणले, आणि तेथील जाळी परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील स्त्रियांविषयी १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, या स्त्रिया रोज कित्येक तास विणीत, घरचेही सगळे करीत. पण त्यांना कोणी कामगार म्हणत नसे. घरबसल्या फावल्या वेळात करतात, असे म्हणून मजुरी कमी ठेवली जाई आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. तुम्ही एक टोपी स्वतः विणून पाहाल, तर ‘फावला वेळ’ या शब्दांत किती टाके लपलेले असतात ते तुमचे तुम्हालाच कळेल.

वर्गातील मुले येथवर वाचून, हे मुलींचे काम, असे म्हणत असतील. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोळी पुरुष जाळी विणतात आणि दुरुस्त करतात. ते काम बायकी आहे असे त्यांना सांगून पाहावे! टोकियो येथे २०२१ साली ऑलिंपिक सामने झाले. पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा ब्रिटनचा टॉम डेली प्रेक्षकांत बसून शांतपणे लोकर विणीत असलेला साऱ्या जगाने पाहिला. आपल्या पदकावर चरे पडू नयेत म्हणून त्याने त्याला एक लोकरीची पिशवीही विणली होती.

पहिली टोपी झाल्यावर दुसरी कोणासाठी करावी, असा प्रश्न पडेल. मी एक सुचवितो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच असते. त्यामुळे बाळाच्या उघड्या डोक्यातून पुष्कळ ऊब निघून जाते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, वजनाने हलक्या बाळाला तर स्वतःची ऊब टिकवणे फारच कठीण जाते. म्हणून जन्मताच त्याला पुसून, आईच्या छातीशी ठेवून डोक्यावर टोपडे घालतात. आपल्या गावच्या रुग्णालयात आधी विचारावे; तेथे कशी लोकर चालते, धुऊन कशी द्यावी, हे परिचारिका सांगतील. लोकर अगदी मऊ घ्यावी आणि टोपड्याला बंद, गोंडा किंवा मणी लावू नये. लहान बाळाला त्यांपासून धोका असतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. त्यातून चार वजा केले की ३० राहतात. १० सेंटिमीटरला १४ टाके, तर ३० ला ४२. सात सक बेचाळीस. सातव्या फेरीला वाढ थांबवायची.